बुटाची लेस

तपासणीच्या खोलीत डॉक्टर येताच हे खाडकन उठून ताठ उभे राहिले. लष्करातली खोड, साहेबासमोर यांना कधी काही दुखतच नाही. “हात कसे आहेत?” “ठणठणीत, साहेब!” मागच्या खेपेलाही हेच बोलून स्फोटात अधू झालेल्या हातांची भरपाई बुडवली होती. मी खुणावलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हटलं, थांबा आता. मी खाली बसले आणि सकाळी मीच बांधलेली यांच्या बुटाची लेस सोडली. “बांधा,” मी म्हटलं. हे वाकले. लेस बोटांतून निसटली, पुन्हा निसटली. सुरकुतलेले कान लाल झाले. माझा जीव तुटत होता, पण हात पुढे केला नाही. “पुरे,” म्हणत डॉक्टरांनी अहवाल लिहिला आणि लेस बांधायला ते स्वतःच वाकले. “राहू द्या, साहेब. ते माझं काम.” मी गाठ मारली. वरून हळूच आवाज आला: “घट्ट बांध.”