बंद कचेरीतला फोन

सहल कंपनीला सील लागून महिना झाला होता, आतल्या खुर्च्यासुद्धा उचलून नेल्या होत्या. तरी तिच्या नंबरावर फोन केला, की कोणीतरी तो उचलत असे.

ही बातमी आणली बुकिंगबाईने. कंपनीबरोबर तिचीही नोकरी बुडाली, पण तिने त्याच दिवशी घरी सांगितले आणि आता ती इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसत होती. तिचा जुना साहेब, बुकिंगप्रमुख, त्याच इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात दिवस काढी. तिथे कोण कशाला बसला आहे, हे कोणी विचारत नाही.

तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरून निघे. "आज कुठली सहल?" असे वडील विचारत आणि तो एखादे ठिकाण ठोकून देई. काल समुद्र, आज डोंगर. खरे सांगायला जीभ रेटत नव्हती.

"साहेब, भूत बसलंय तिथं," बुकिंगबाई म्हणाली. तिच्या शेजाऱ्यांची सहल बुडाली होती, त्यांनी फोन करून तोंडाला येईल ते सुनावले होते. "पण सभ्य आहे हो. निमूट ऐकून घेतलं, वर माफी मागितली."

भुतांवर त्याचा विश्वास नव्हता. फोन उचलायला हात लागतो. कंपनीच्या नावावर कोणी भामटा या लोकांना पुन्हा गंडवत असेल, तर? ज्यांच्या शिव्या त्याने खायला हव्या होत्या, त्यांच्यापासून तो महिनाभर इथे तोंड लपवून बसला होता. निदान एवढा छडा तरी लावायला हवा होता.

त्याने तिच्या मोबाइलवरून नंबर लावला.

"नमस्कार," पलीकडून संथ आवाज आला. "कंपनी बंद पडलीय. तुमचं नुकसान भरून देणं माझ्या हातात नाही. पण रागवायचं असेल, तर माझ्यावर रागवा. बुकिंग माझा मुलगा बघायचा. त्याला अजून हे घरी बोलता आलेलं नाही."

त्याने फोन बंद केला.

हंगामात वाटेत अडकलेल्या प्रवाशांची अडचण होऊ नये, म्हणून संध्याकाळी कचेरी सोडताना तो तिथला फोन स्वतःच्या घरी वळवून ठेवी आणि सकाळी आल्यावर पूर्ववत करी. शेवटच्या सकाळी दाराला सील होते.