ओटीची साडी

चुलीतला गाळ खरवडताना गुणाबाईच्या हाताला हिरवी जरीची साडी लागली. पदराला खणनारळाची गाठ तशीच होती. परवा मंत्र्यांनी वाजतगाजत धरणात सोडलेली, तीच ही!

पूर अडवायचं धरण पावसाळ्यात थोडं रिकामं ठेवतात. पण मंत्र्यांना काठोकाठ भरलेल्या जलाशयाची ओटी भरायची हौस, म्हणून दरवाजे बंदच ठेवले. पूजा झाली, फोटो निघाले आणि आभाळ फाटलं. मग सगळे दरवाजे एकदम उघडले. गाव आढ्यापर्यंत बुडालं.

आज तेच मंत्री नाकाला रुमाल लावून दारात आले. "घ्या मावशी, पूरग्रस्तांना साडी."

"ऱ्हाऊ द्या," म्हणत गुणाबाईनं ती बरबटलेली साडी त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर फेकली. "तुमची पहिली पोचली की, थेट चुलीत!"