मॅडमच्या इमेजमधली ओळ

"काका, मॅडमनी बनवलेली सर्व्हरची इमेज आज काढून टाकायचीय," गार्गी फोनवर म्हणाली.

भालचंद्ररावांची बायको जाऊन चार महिने झाले होते. गार्गी ऑफिसात तिच्याच हाताखाली शिकलेली, तिला मॅडम म्हणणारी.

"इमेज म्हणजे काय गं?" त्यांनी टेबलावर हात फिरवत विचारलं. चष्मा सकाळपासून सापडत नव्हता.

"तयार साचा. पायथन, जावा, लागणारी सगळी सॉफ्टवेअर आधीच घालून ठेवलेली. त्यातून कितीही सर्व्हर बनवा, लगेच काम सुरू. तरी आम्ही हे कुठाय, ते कुठाय करत मॅडमना छळायचो. मग त्यांनी सर्व्हर उघडताच दिसेल अशी एक ओळ घातली. आता नवा साचा केलाय. साहेब म्हणतात, त्यात ती ओळ कशाला, तिचा काय उपयोग? मला ती गाळवत नाही. तुम्हीच सांगा."

"वाच बघू."

"'अहो, शोधण्याआधी कपाळ चाचपा.'"

भालचंद्ररावांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. त्यांनी तो डोळ्यांवर ओढला आणि लगेच पुसायला काढला.

"काका? आहात ना?"

"आहे गं," ते म्हणाले. "साहेबांना सांग, ठेवा ती ओळ. आत्ताच उपयोगी पडली."