खिडकीतला ओलीस

यागुन पहाटे मेला, आणि दुपारी त्याचा बाप सेबल या केसाळ प्राण्याची महागडी कातडी घेऊन येणार होता.

रिवाज ठरलेला. ओलीस मुलगा लाकडी कोटाच्या खिडकीत दाखवायचा, मग बाप झारची खंडणी खाली ठेवणार. मुलगा दिसला नाही, तर कातडी नाहीत आणि जंगलातून त्याच्या टोळीचे बाण सुरू. कोटात धड उभे राहू शकणारे झारचे कोसॅक शिपाई जेमतेम दहा उरले होते.

“बसवा त्याला खिडकीत,” त्यांचा नायक, अतामान लुकयान म्हणाला. पोरगा चार हिवाळे त्याच्याच ताटात जेवला होता, तरी त्याला काही वाटलं नाही. उरालचे डोंगर ओलांडून पूर्वेला सरकता सरकता ते वाटणं कुठेतरी सांडलं होतं.

शिपाई तेरेंतीने मेलेल्याची टोपी डोळ्यांवर ओढली. “जिवंत होता तेव्हाही एवढाच बोलका होता लेकाचा!” मग त्याने पट्ट्यातून एक सुरी काढली. “हातात ही देऊ? या टोळीवाल्यांच्याच थडग्यातली आहे. पण मोडकी. तिथे सगळा माल मोडकाच, अतामान. मेलेल्या बापालासुद्धा धड वस्तू देत नाहीत, कंजूष!”

“इथे मोडलेलं मेल्यावर तिकडे धड होतं म्हणतात ते,” लुकयान म्हणाला. “ठेव ती आत.”

यागुनचा बाप नेमदान बर्फावरून आला. खिडकीखाली उभा राहिला.

“यागुन!”

“घसा बसलाय त्याचा,” लुकयान म्हणाला.

म्हातारा बघत राहिला. पोराच्या तोंडापुढे वाफ नव्हती. बापाला काय कळत नाही? त्याने मान हलवली आणि सगळी कातडी खाली ठेवली. मग अंगरख्यातून लाकडी चमचा काढला, नवा, कोरीवकाम केलेला.

“याच्यासाठी केलाय.”

गुडघ्यावर टेकवून त्याने तो मोडला आणि खिडकीखाली ठेवला.

तेरेंतीचा हात तलवारीकडे गेला. लुकयानने त्याला अडवलं. खंडणी आणणाऱ्याला दारू पाजायची, हाही रिवाजच. दारात येऊन त्याने आपला पेला भरून पुढे केला. डोन नदीकाठच्या घरून आणलेला, लाकडाचा.

नेमदानने शेवटच्या थेंबापर्यंत दारू प्यायली. बाहीने पेला स्वच्छ पुसला. मग तो दाराच्या उंबऱ्यावर ठेवून त्यावर कमरेच्या कुऱ्हाडीचा एकच घाव घातला, आणि दोन्ही तुकडे ओंजळीत घेऊन, वडीलधाऱ्याला द्यावेत तसे पुढे केले.

“हा तुझा, अतामान.”

लुकयानने हात पुढे करून ते घेतले.