मिठाची कवची

रामनाथने पहार मिठाच्या राशीवर आपटली आणि कान दिला. वरची कवची दगडासारखी खणकन वाजली, पण मागून आवाज आला पोकळ. अवकाळी पावसाचं पाणी राशीत मुरलं होतं आणि नंतरच्या उन्हाने वरचा थर घट्ट झाला होता. आतलं मीठ साखरेसारखं सुटं. गोण्या भरणाऱ्या टोळीने ते पायथ्यातून ओढून माणूसभर खोल कपार केली होती. रोज सकाळी वरची कवची आधी पाडून घ्यायची, मगच खाली फावडं लावायचं, हा मिठागराचा रिवाज. आज कोणी थांबलं नव्हतं. कपारीत रामनाथच्या बहिणीचा नवरा काशीराम गुडघ्यांवर बसून मीठ ओढत होता.

"भावोजी, बाहेर या. आधी वरचं पाडून घेऊ."

"पाडायला दुपार जाईल. मुकादम काय बोलला? ट्रक भरला नाय तर उद्यापासून दुसरी टोली. तुला भ्या वाटतं तर जा, बायकांत बसून गोन्या शिव."

रामनाथने त्याचा पाय धरून ओढला. काशीरामची लाथ छातीत बसली. तेव्हा रामनाथने पहार उलटी धरली आणि फावड्यावरच्या हातावर हाणली. हाड मोडलं. काशीराम गुरासारखा ओरडत बाहेर आला.

धोंडूबाई डोक्यावरची गोणी टाकून धावली. भावाच्या तोंडावर ती दोन्ही हातांनी मारत सुटली. "मेल्या, माझ्या नवऱ्याचा हात मोडलास!"

"खाली गाडला गेला असता गो तो!"

"मग पाड! पाड ना, बघू दे सगल्यांना!"

रामनाथ राशीवर चढला. पहार वर जाई आणि खाली येई. मिठाचे खडे डोळ्यांत उडाले, तळहात सोलवटले. कवची पडली नाही. खाली जमलेल्यांतला एक हसला, मग बाकीचे हसले.

मुकादम श्रीपत म्हणाला, "एवढ्या घावांनी पडली नाय, ती आता काय पडनार? चला, भरा."

"आता तर जाऊच नका," रामनाथ खाली उतरत म्हणाला. "मी ठोकून ठोकून सैल केलीय."

कोणी ऐकलं नाही. काशीरामला बांधावर बसवलं होतं. त्याचं फावडं उचलून धोंडूबाई कपारीत वाकली. रामनाथने तिचा दंड धरला. तिने फिरून फावडं मारलं. त्याचं कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून गळू लागलं.

"त्याचा हात तू नेलास. टोलीत त्याची जागा कोन भरनार?"

ती आत गेली. रामनाथने भुवईवरचं रक्त पुसलं. मग तोही आत शिरला, तिच्याशेजारी गुडघे टेकले आणि गोणीचं तोंड उघडून धरलं.

"लवकर भर."

तिने भरायला सुरुवात केली. गोणी थरथरली.

"हलू नको, दादा. नीट धर."

रामनाथ हलला नव्हता.