जुळवणीचा स्वर

स्टेडियम डोक्यावर घ्यायला लावणाऱ्या पॉप गायकाने सिंफनी लिहिली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. आज तिची पहिली तालीम होती. रिवाजाप्रमाणे ओबोवालीने आपल्या सनईसारख्या वाद्यावर एक लांब स्वर धरला आणि साऱ्या वादकांनी त्याला आपापली वाद्ये जुळवून घेतली.

"पुन्हा एकदा," रिकाम्या प्रेक्षागृहातून गायक म्हणाला. जुळवणी पुन्हा झाली. "अजून एकदा. फक्त ओबो."

"माझं काही चुकतंय का?" ओबोवालीने विचारले.

"छे, अगदी बरोबर आहे."

"अहो स्टेडियमवाले," वाद्यवृंदाचे वृद्ध संचालक मंचावरून म्हणाले, "जुळवणीतच संध्याकाळ करणार, की तुमची सिंफनीही ऐकवणार?" वादक हसले.

स्वर म्हणजे हवेची ठरावीक कंपने. ओबो कोणीही फुंकला तरी ती तेवढीच भरतात आणि त्यांत माणूस उरत नाही, हे गायकाला मान्य होते. तरी त्याची नजर त्या खुर्चीवरून हलेना. आई होती तोवर हा स्वर त्याच खुर्चीतून ती देत असे, आणि तो शाळेचे दप्तर मांडीवर घेऊन इथेच बसलेला असे.

संचालक खाली उतरून त्याच्याशेजारी बसले. "आईची आठवण येते, तर मैफलीला येत जा की रे. जुळवणी प्रत्येक मैफलीत होते. त्यासाठी सिंफनी कशाला लिहायला हवी?"

"येतो ना, काका. एकही मैफल चुकवत नाही," तो म्हणाला. "पण तिकीट काढून आलेल्याला 'पुन्हा एकदा' म्हणता येत नाही."