आगाऊ माफी

माशिरोची शेवटची ओळ गाऊन झाली तेव्हा काचेपलीकडे ध्वनिमुद्रक ओगिनोसान यांनी किंचित मान डोलावली. इतरांच्या टाळ्यांच्या कडकडाटाला ओगिनोसान यांच्याकडे मान डोलावणं म्हणतात. अल्बममधलं हे शेवटचं गाणं. शब्द माशिरोचे, चाल माशिरोची, अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत.

"झालं ना? सुटले मी," ती म्हणाली.

"एक बारीकसं काम राहिलंय, माशिरोचान," रेकॉर्ड कंपनीचे त्सुरुमाकीसान काचेपलीकडून माईकवरून म्हणाले. "कोपऱ्यात कॅमेरा लावलाय. तो खुर्चीवरचा काळा कोट तेवढा चढव."

कोट अगदी अंगाबरोबर बसला. माप कोणी घेतलं, कधी घेतलं, तिला आठवेना.

"हा कशाला?"

"माफी मागायला."

"मी काय केलं?"

"अजून काही नाही. पण कलावंत म्हटला की कधी ना कधी माफी मागावी लागतेच. त्या दिवशी बिचाऱ्यांचे डोळे सुजलेले असतात, घसा बसलेला असतो. म्हणून आवाज लागलेला असतानाच आम्ही घेऊन ठेवतो. सगळ्यांची घेतली आहे."

माशिरोला हसू आलं. या अल्बमनंतर कंपनी सोडणार, आपली गाणी आपणच काढणार, हे तिने त्यांना मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांनी वाकून अभिनंदन केलं होतं, वर घरी पीचची पेटी पाठवली होती. आता एवढ्याशा कामाला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

जपानी माफी एका दमात झाली. सर्वांना त्रास झाला, मनापासून क्षमस्व. कसला त्रास, हे जपानात कोणी विचारत नाही.

"आता इंग्रजीत. तिकडची माणसं भारी चौकस. कशाबद्दल ते कळल्याशिवाय माफी स्वीकारत नाहीत. मी सांगतो, तू इंग्रजी कर. तुझ्याइतकं सुंदर कोणाला जमणार?"

पहिली माफी एका विवाहित नटाबद्दल होती.

"कोण नट?"

"मिळेल कोणीतरी."

दुसरी नशेच्या गोळ्यांबद्दल. माशिरोच्या घशाखाली डोकेदुखीची गोळीही उतरत नसे. ती इतकी हसली की पुन्हा घ्यावं लागलं.

तिसरी सांगताना त्सुरुमाकीसान यांचा आवाज मऊ झाला. "म्हण, या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याची चाल माझी नाही. मी ती चोरली."

माशिरोचं हसू तिथेच राहिलं.

"ते गाणं अजून कोणी ऐकलेलंही नाही, त्सुरुमाकीसान."

"म्हणून तर आगाऊ म्हणतोय."

"आणि मी कंपनी सोडून गेलेच नाही तर?"

"तर कपाटात पडून राहील. काही माफ्या तिथे वर्षानुवर्षं आहेत. ते कलावंतही आमच्याकडेच आहेत. केस पिकले, पण मजेत आहेत."

"नाही बोलले तर?"

"तर अल्बम अपुरा राहिला, असं धरू. गाणी इथेच राहतील. आणि हे बघ, ओगिनोसान सकाळपासून उपाशी आहेत."

ओगिनोसान यांनी समोरच्या बटणांवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

माशिरो बोलली. सवयीने तिने जाता जाता एक शब्द बदलला, आणि वाक्य जास्त खरं वाटू लागलं.

"वा. अजून थोडं आतून."

दुसऱ्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेच ठेवू," त्सुरुमाकीसान म्हणाले. "आता वाकायचं. मी सांगेपर्यंत वर यायचं नाही. लोक बोलणं विसरतात, वाकणं लक्षात ठेवतात."

ती कमरेत वाकली. केस पुढे आले, चेहरा झाकला गेला. त्सुरुमाकीसान यांनी माईक बंद केला आणि वाम माशाचे दोन डबे उघडले. खाता खाता ओगिनोसान गुणगुणू लागले.

"तोंडातून जात नाही हो," ते म्हणाले. "कोणाची म्हणायची ही चाल?"

"ते वसंतात ठरेल, अल्बम निघाला की. लोणचं घ्या ना."

काचेपलीकडे कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. माशिरो अजून वाकलेलीच होती.